रमजान लागायच्या आधीचे हिशोब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी रमजान लागला की आपल्या पेपरात पहिल्या रोजालाच खाऊगल्लीचं पान येतं. मुंबईचा मोहम्मद अली रोड, पुण्याचा मोमीनपुरा, मग नल्ली निहारी, मालपुवा, फिरनी, आणि फोटो तर असे की रोजा असताना ते पान उघडायची सोय नाही. मला त्याचा राग नाहीये, उलट शाळेतल्या माझ्या सहकारी बाई ते पान बघूनच विचारतात, काय गं, शीरखुर्मा कधी, आणि त्यावरून बोलणं निघतं. पण ते वाचणाऱ्याला असं वाटतं की रमजान म्हणजे दिवसभर उपाशी राहायचं आणि रात्री ताटावर तुटून पडायचं, आणि खरं सांगू का, आमच्यातल्याही बऱ्याच जणांना आता तसंच वाटायला लागलंय. म्हणून हे पत्र. रमजानच्या आधीच पाठवतेय कारण सध्या शाबान चालू आहे आणि मला जे म्हणायचंय ते शाबानबद्दलच आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, हिजरी वर्षात रजब सातवा, शाबान आठवा आणि रमजान नववा महिना. वर्ष चंद्रावर चालतं, ३५४-३५५ दिवसांचं, आणि आपल्या पंचांगासारखा अधिक महिना त्यात नसतो, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत जातो. माझ्या लहानपणी तो मे महिन्यात यायचा, शाळेला सुट्टी पण घसा कोरडाठक्क, यंदा, म्हणजे २०२६ साली, शिवजयंतीच्या आसपास येतोय आणि २०३० साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबर संपता संपता परत एकदा लागणार. यंदा आणखी एक गंमत म्हणजे वसईकडच्या ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ पण त्याच आठवड्यात सुरू होतोय. कुराणात सूरह बकरा या अध्यायाच्या १८३व्या आयतीत म्हटलंच आहे की तुमच्या आधीच्यांवर जसे रोजे फर्ज केले होते तसेच तुमच्यावर केलेत, म्हणजे उपवास ही काही आमची एकट्याची मिरासदारी नाही.

तर शाबान. प्रेषितांना (स.) त्यांचे सहकारी उसामा बिन जैद यांनी विचारलं होतं की रमजान सोडला तर तुम्ही याच महिन्यात एवढे रोजे का धरता. ते म्हणाले, रजब आणि रमजानच्या मधल्या या महिन्याकडे लोकांचं लक्षच नसतं, आणि माणसाची कामं याच महिन्यात अल्लाहपुढे नेली जातात, माझी जातील तेव्हा मी रोजात असावं असं मला वाटतं. लक्षच नसतं हे आजही तंतोतंत खरं आहे. आमच्याकडे शाबान म्हणजे फक्त शबे-बरात, पंधरावी रात्र, हलवा करायचा, पुरुषांनी कब्रस्तानात जाऊन यायचं, झालं. त्या रात्रीवरून आमच्यात वाद पण मायंदाळ, एक म्हणतो रात्रभर नफील म्हणजे ऐच्छिक नमाज पढा, दुसरा म्हणतो याला आधारच नाही आणि हलव्याला तर मुळीच नाही. मी त्या वादात पडत नाही, मला चण्याच्या डाळीचा हलवा आवडतो एवढंच सांगते.

पण त्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर जे सुरू होतं त्यावर मात्र बोलायचंय. संध्याकाळपासून एकच मेसेज, गुलाबाचं फूल, घुमटाचा फोटो आणि खाली जाने-अनजाने में दिल दुखाया हो तो माफ करना. ज्यांना मी आयुष्यात एकदाच कुणाच्या तरी लग्नात भेटले त्यांचा येतो, गॅस सिलेंडरवाल्याचा येतो, ज्याच्याशी भांडायचा कधी संबंधच आला नाही त्याचा येतो. आणि ज्यानं खरोखर दुखावलंय त्याचा येत नाही, किंवा आला तरी ब्रॉडकास्ट लिस्टमधनं येतो, सगळ्यांच्या बरोबरीनं. ही कसली माफी. आमच्या धर्मात हे अगदी स्वच्छ सांगितलंय की अल्लाहचा जो हक्क आपण चुकवला तो तौबा केली तर अल्लाह माफ करेल, पण माणसाचा हक्क मारला असेल तर त्या माणसानं माफ केल्याशिवाय सुटका नाही, मग तुम्ही रमजानच्या रात्रीच्या तरावीह नमाजात कितीही वेळ उभे राहा.

सहीह मुस्लिम या संग्रहातला हदीस, म्हणजे प्रेषितांचं वचन, आहे, बहुतेकांनी ऐकलेला. प्रेषितांनी विचारलं, दिवाळखोर कोण माहितीय का? लोक म्हणाले, ज्याच्याकडे ना पैसा ना सामान तो. तर म्हणाले, माझ्या उम्मतमधला (अनुयायांमधला) दिवाळखोर तो जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात (सक्तीचं दान) सगळं घेऊन येईल पण त्यानं कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर आळ घेतलेला असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल, कुणाला मारलेलं असेल, मग त्याच्या नेक्या एकेकाला वाटत जातील आणि त्या संपल्या की त्या लोकांचे गुन्हे उचलून याच्या डोक्यावर टाकले जातील. म्हणजे बघा, तीस रोजे पूर्ण धरलेले, तरी हात रिकामे. माझ्या मते रमजानची तयारी या हदीसपासून सुरू व्हायला पाहिजे, सेहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, काय करायचं इथनं नाही.

माझे मामा मार्केट यार्डात भाजीपाल्याचा धंदा करायचे. शाबान लागला की त्यांची उधारीची वही बाहेर निघायची. ज्याचं द्यायचंय त्याला नेऊन द्यायचे, जमत नसेल तर घरी जाऊन सांगायचे की ईदनंतर देतो, चालेल का, आणि त्याचा होकार घेऊनच उठायचे. एकदा एका हमालाचे काहीतरी किरकोळ पैसे राहिले होते, तो म्हणाला भय्या राहू द्या, मी तर विसरलो पण होतो. मामा म्हणाले, तू विसरलास रे, मी नाही ना विसरलो. आणि उलट बाजूनं ज्याच्याकडून यायचंय आणि तो खरंच अडचणीत आहे त्याच्या नावावर काट मारायचे, कारण सूरह बकरामध्येच आहे की कर्जदार अडचणीत असेल तर त्याला मुदत द्या आणि सोडून दिलंत तर ते तुमच्यासाठी जास्त चांगलं. मामी चिडायची, म्हणायची असं करून एक दिवस दुकानालाच काट मारणार. धंदा काही बुडला नाही, पण फार वाढला पण नाही, ते पण खरंच आहे.

आता जे लिहितेय त्यावरून घरात बोलणी बसणार, पण लिहिते. बहिणीचा हिस्सा. सूरह निसाच्या ११व्या आयतीत वारसा सरळ लिहून दिलाय, मुलाला दोन तर मुलीला एक. यावर एक का, बरोबरीचं का नाही हा वाद घालणारे घालतात, पण तो पुढचा विषय झाला, आधी तो एक तरी द्या. आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात बाप गेला की चाळिसावा होतोय न होतोय तोवर बहिणींना दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतात, बदल्यात एक साडी आणि माहेर तुटेल हा धाक. शेजारच्या हिंदू घरांत पण हेच चालतं, या बाबतीत आम्ही अगदी पक्के महाराष्ट्रीय. आमच्या नात्यातच एकानं बहिणींच्या सह्या घेतल्या, सातबारावर एकटा लागला, जमीन रस्त्याकडेची होती ती विकली आणि त्याच पैशातनं रमजानमध्ये उमरा, म्हणजे मक्केची यात्रा, करून आला. आल्यावर सगळ्या नातेवाइकांकडे खजूर आणि तिथलं जमजमचं पाणी वाटत फिरला. बहिणीच्या घरी पण खजूर दिले, आणि तिनं घेतले बिचारीनं, वर हात जोडून दुआ पण मागितली त्याच्यासाठी.

रमजानच्या आधीच्या जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, मशिदीत बयान (प्रवचन) होतो, रोजाची फजिलत म्हणजे थोरवी, तरावीहची फजिलत, लैलतुल कद्र ही रमजानातली पवित्र रात्र, सगळं येतं, हक्कसोडपत्राचं नाव कधी निघाल्याचं ऐकलं नाही. म्हणजे घरातले पुरुष येऊन सांगतात त्यावरून म्हणतेय, बायकांना आमच्या मशिदीत जागा नाहीये. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

जकातीचं पण असंच आहे. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, ग्रॅममध्ये ८७.४८ आणि ६१२.३६, एवढी किंवा एवढ्या किमतीची मालमत्ता देणं वजा जाता शिल्लक असेल आणि चंद्राचं एक वर्ष त्यावर गेलं असेल तर २.५ टक्के. दागिन्यांच्या बाबतीत थोडा फरक आहे, धर्मनियमांच्या वेगवेगळ्या शाखा आहेत, आम्ही हनफी लोक अंगावरच्या दागिन्यांची पण जकात काढतो, माझी नणंद रत्नागिरीला दिलीय, कोकणातले मुसलमान शाफई, त्यांच्यात बाईच्या रोजच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही, त्यामुळे दर रमजानला ती मला फोन करून चिडवते. तर बहुतेक लोक जकात रमजानात काढतात, सवाब म्हणजे पुण्य जास्त म्हणून, चांगलंच आहे, पण हिशोबालाच रमजानात बसतात आणि मग सत्ताविसावा रोजा उजाडतो, दारात पावतीपुस्तकं घेऊन माणसं उभी, हाताला येईल ती नोट देऊन मोकळं व्हायचं. कुराणात जकातीचे आठ हकदार सांगितलेत, त्यात कर्जात बुडालेला माणूस पण आहे. गल्लीतला रिक्षावाला ज्याचे फायनान्सचे हप्ते थकलेत तो कधी तुमच्या दारात येणार नाही, त्याला शोधावं लागतं, त्याचा मान राखून द्यावं लागतं, आणि ते काम रोजात, इफ्तारच्या घाईत होत नाही. शाबानात कागद घेऊन बसा, सोनाराकडनं भाव विचारा, आकडा काढा, माणसं हेरून ठेवा.

आता बायकांचं. हे पेपरात लिहायचं का असं क्षणभर वाटलं, पण आम्ही नाही लिहिणार तर कोण लिहिणार. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो आणि ते रोजे नंतर भरून द्यायचे असतात, कजा. दरवर्षी प्रत्येकीचे पाच-सात राहतातच, त्यात बाळंतपण, अंगावरचं दूध असं काही असेल तर जास्तच. घरात सगळ्यांचे रोजे असतात तेव्हा एकत्र भरून जातात, पण कजा रोजा एकटीनं धरायचा म्हणजे सगळ्यांना चहा-नाष्टा देऊन आपण उपाशी, त्यामुळे आज धरू उद्या धरू करत वर्ष निघून जातं. प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशांनी स्वतः सांगितलंय की माझे राहिलेले रोजे मला शाबानशिवाय पूर्ण करता यायचे नाहीत, हे वाचल्यावर मला इतकं बरं वाटलं होतं, म्हणजे ही ओढाताण तेव्हापासूनची आहे. नणंदेकडे, म्हणजे शाफईंत, तर कारण नसताना पुढच्या रमजानपर्यंत रेंगाळले तर कजा अधिक फिदिया, म्हणजे गरिबाला अन्न, असा दंड आहे. तर पुरुषमंडळींना एक विनंती, शाबानात घरातली बाई एकटीच सेहरीला उठलेली दिसली तर का, कशाला असं विचारत बसू नका, उठून चहा टाका.

आणि ती बाई एरवी काय करत असते शाबानात? समोसे भरून फ्रीजरमध्ये टाकत असते. समोसा पट्टी, कबाबचं मिश्रण, आलं-लसूण वाटून डबे, रूह अफजाच्या बाटल्या, रमजानची तयारी झाली का असं एकमेकींना विचारतो तेव्हा हेच विचारत असतो. मग महिनाभर असरपासून मगरीबपर्यंत, म्हणजे दुपार उतरल्यापासून सूर्य मावळेपर्यंत, ती कढईपुढे उभी, आणि दुआ कबूल व्हायची जी वेळ सांगितलीय, रोजा सोडायच्या अगदी आधीची, त्या वेळेला तिच्या हातात झारा. आमच्याकडे मी नियम केलाय, खजूर, फळं, एक पातळ काहीतरी आणि मगरीबनंतर सरळ जेवण, तळण फक्त जुम्याला. पहिल्या वर्षी मुलगा म्हणाला हे काय रमजानसारखं वाटतच नाही. आता भजी खायला मित्राकडे जातो, जाऊ दे.

तलफेचा विषय पण असाच आधी हाताळायचा आहे. आमच्या भागात पुरुषांना तंबाखू, गुटखा आणि कितीतरी बायकांना मिश्री, आणि चहा तर सगळ्यांनाच. रोजात यातलं काहीच चालत नाही, मग पहिले आठ-दहा दिवस दुपारी दोननंतर घरोघरी आवाज चढलेले असतात, पोरांना मार बसतो, दुकानात गिऱ्हाइकाशी वाद, आणि वर सगळे समजून घेतात की रोजा आहे ना त्याचा. बुखारी या संग्रहातला हदीस आहे, जो खोटं बोलणं आणि तसं वागणं सोडत नाही त्यानं अन्नपाणी सोडावं याची अल्लाहला गरज नाही. आणि कुणी भांडायला आलं तर मी रोजात आहे एवढंच म्हणायचं असं शिकवलंय, आमच्याकडे हेच वाक्य भांडण सुरू करायला वापरतात, ए, माझा रोजा आहे, डोकं फिरवू नको! तंबाखू एका रात्रीत सुटत नाही, शाबानमध्ये सोमवार-गुरुवारचे रोजे धरून हळूहळू कमी केली तर शरीरालाही कळतं आणि जिभेलाही. फक्त रमजानच्या अगदी एक-दोन दिवस आधी असे जादा रोजे धरायचे नाहीत, तशी मनाई आहे, ज्याची नेहमीचीच सवय आहे त्याची गोष्ट वेगळी.

माझ्या सासूबाई इन्सुलिनवर आहेत. शाबान लागला की त्यांचं सुरू होतं, मी सगळे रोजे धरणार, मेले तर रोजात मेले. डॉक्टर सांगतात रमजानच्या दीड-दोन महिने आधी या, म्हणजे औषधांच्या वेळा बसवता येतात किंवा रोजा नकोच असं वेळेत सांगता येतं, आणि आपली माणसं पहिल्या आठवड्यात चक्कर येऊन पडली की मग जातात. कुराणात रोजाचा हुकूम आहे त्याच्या लगेच पुढच्याच आयतीत आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे, अल्लाहला तुमच्यासाठी सोपं करायचंय, अवघड नाही, असं पण तिथंच पुढं आहे. ही सवलत नाकारण्यात भक्ती कमी आणि ताठा जास्त असतो असं माझं मत, सासूबाईंना ते अर्थातच पटत नाही. शेवटी मौलानांना फोन लावून दिला. ते म्हणाले, अम्मा, तुमच्यावर रोजा नाही, फिदिया आहे, एका रोजामागं एका गरिबाचं दोन वेळचं जेवण किंवा पावणेदोन किलोच्या आसपास गहू नाहीतर त्याचे पैसे. तेव्हा कुठं ऐकलं. पण पैसे नको म्हणाल्या, गहूच देणार आणि तो पण खपली, रेशनचा नाही. तर सध्या दुपारी सूप घेऊन गहू पाखडत बसतात आणि तोंडानं दरूद, म्हणजे प्रेषितांसाठीची दुआ, चालू असतो, माझ्या बघण्यात आमच्या घरातली सगळ्यात चांगली तयारी त्यांचीच चाललीय.

कुराण वाचायचं राहिलंच. रमजानात तरावीहमध्ये कुराण पाठ असलेले हाफिजसाहेब रोज सव्वा-दीड पारा (कुराणाचे असे तीस भाग) ऐकवतात, घरी पण प्रत्येकाचा एक तरी कुराण खतम करायचा प्रयत्न असतो, पण अर्थ किती जणांना कळतो? आमची पोरं मराठी नाहीतर इंग्रजी शाळेत शिकलेली, उर्दू बोलायला येतं, वाचायला नाही, आणि अरबी तर सूर लावून पाठ केलेली. मराठीत कुराणाचे अनुवाद मिळतात, पण मराठीत वाचलं तर काहीतरी कमीपणा आहे असं उगाच डोक्यात बसलंय. शाबानमध्ये रोज दोन-तीन पानं मराठीतनं वाचली, निदान रमजानात जे सूरह कानावर पडणार आहेत ते तरी, तर रात्री उभं राहिल्यावर पाय दुखण्यापलीकडे काहीतरी डोक्यात चालू राहील. माझ्या मुलीनं गेल्या वर्षी सूरह युसूफ मराठीत वाचली आणि म्हणाली मम्मी ही तर सीरियल आहे, भावांनी विहिरीत टाकलं काय, राजवाड्यात गेला काय, आणि शेवटी भावांना माफ करतो. मी म्हटलं तो शेवटच जरा नीट वाच.

तर आपल्याला विनंती अशी की रमजानचं पान करताना एखादं तरी पान शाबानात करा, रमजानचा चंद्र दिसायच्या आधी. मौलानांची मुलाखत घ्या पण त्यांना सवाबाबद्दल नको, हक्कसोड, मजुरांचे थकलेले पगार, फिदिया, कजा असले प्रश्न विचारा. पुढाऱ्यांच्या इफ्तार पार्टीचे टोपी घातलेले फोटो कमी केले तर आमची काही हरकत नाही, ज्यांचा रोजाच नाही त्यांचा रोजा सोडतानाचा फोटो बघून आम्हाला काय मिळतं.

आणि सेहरी-इफ्तारचं वेळापत्रक. बऱ्याच पेपरात मुंबईची वेळ सगळ्या आवृत्त्यांना तशीच छापून येते. मिरज मुंबईच्या पूर्वेला आहे, आमच्याकडे पाच-सात मिनिटं आधी उजाडतं, नागपूरला तर वीस-पंचवीस मिनिटं आधी. तिथल्या माणसानं पेपरातली मुंबईची वेळ बघून सेहरी केली तर फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजाची, वेळ लागून गेल्यावरही तो खातच बसलेला असेल आणि त्याचा रोजाच होणार नाही. प्रत्येक शहरात जामा मशिदीचं छापील वेळापत्रक शाबानच्या शेवटच्या आठवड्यात मिळतं, आपल्या वार्ताहराला सांगून तेवढं आणवून घ्या.

नाव छापू नये ही विनंती, वर हक्कसोडीचं लिहिलंय आणि आमच्या नात्यात तुमचा पेपर सगळ्यांकडे येतो.

आपली नियमित वाचक,
एक शिक्षिका, मिरज